यू-यू, हाड आणि हुश्: जनावरांना घातलेल्या हाकांविषयी वाचकांचे प्रश्न

मागील अंकात केवलप्रयोगी अव्ययांविषयीच्या एका प्रश्नाचे उत्तर देताना ‘हाड’ या शब्दाचा आम्ही ओझरता उल्लेख केला होता. तो वाचून अनेक वाचकांनी पाळीव जनावरांना बोलावण्याच्या, हाकण्याच्या आणि थांबवण्याच्या शब्दांविषयी पत्रे पाठवली. विषय एकच असल्यामुळे या वेळचे संपूर्ण सदर त्या पत्रांतील निवडक प्रश्नांना दिले आहे.

प्रश्न: कुत्र्याला बोलावताना आपण ‘यू-यू’ म्हणतो, हाकलताना ‘हाड’ म्हणतो, कोंबड्यांना दाणे टाकताना आमच्या घरी ‘ती-ती-ती’ म्हणत असत, तर पाखरे उडवताना ‘हुश्’ म्हणत. व्याकरणाच्या पुस्तकांत हे शब्द सहसा दिसत नाहीत. त्यांना शब्द म्हणावे, की ते नुसते तोंडाने काढलेले आवाज समजावेत?

उत्तर: ते शब्दच आहेत आणि त्यांना नुसते आवाज म्हणून बाजूला सारणे हा त्यांच्यावर अन्याय आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. खोकला किंवा जांभई हा नुसता आवाज असतो, कारण तो कोणी कोणाकडून शिकत नाही आणि त्याचा अर्थ समाजाने ठरवलेला नसतो. ‘यू-यू’ मात्र मूल मोठ्यांकडून शिकते. ते चुकीच्या जनावरापुढे म्हटले गेले तर ऐकणारे ‘असं नाही म्हणायचं’ असे सांगून मुलाची चूक दुरुस्त करतात. जिथे चूक होऊ शकते आणि ती दुरुस्तही केली जाते, तिथे नियम असतो, आणि ज्या ध्वनीच्या वापराला असा नियम लागू होतो तो ध्वनी भाषेच्या हद्दीतला ठरतो.

अडचण येते ती त्यांची जात ठरवताना. प्रथेप्रमाणे त्यांना केवलप्रयोगी अव्ययांत बसवले जाते. परंतु ‘अरेरे’, ‘अबब’, ‘शाबास’ हे शब्द बोलणाऱ्याच्या मनातला भाव सांगतात, आणि तो भाव ऐकायला समोर कोणी नसले तरी ते तोंडून निघू शकतात. ‘यू-यू’चे तसे नाही. त्यात भाव दुय्यम असतो, सांगणे मुख्य असते, आणि सांगणे कोणाला आहे हेही त्या शब्दातच ठरलेले असते. ‘ये’ हे क्रियापद मुलाला, पाहुण्याला, गाईला, पावसालाही उद्देशून चालते. ‘यू-यू’ कोंबडीला चालत नाही. म्हणजे ‘कुत्र्या’ हे संबोधन आणि ‘इकडे ये’ हा आज्ञार्थ, असे दोन्ही या दोन अक्षरांत एकजीव झालेले आहेत. संबोधन आणि आज्ञा यांची अशी गाठ माणसामाणसांतल्या बोलण्यात आपल्याला क्वचितच दिसते, आणि म्हणूनच या शब्दांचा एक स्वतंत्र पोटवर्ग मानावा, असे आम्हांला वाटते.

या वर्गाचे आणखी एक वैशिष्ट्य असे की भाषेच्या नेहमीच्या वर्णमालेत नसलेले ध्वनी त्यात सहज वावरतात. बैलाला किंवा घोड्याला चालते करताना जिभेची कड टाळूपासून ओढून ‘टक्’ असा जो आवाज काढला जातो, किंवा वासराला जवळ घेताना ओठांचा जो ‘मुच् मुच्’सारखा आवाज केला जातो, त्यात हवा फुप्फुसांतून बाहेर ढकललेली नसते, तर तोंडातल्या तोंडात आत ओढलेली असते. झुलू आणि खोसा या आफ्रिकी भाषांत अशाच ध्वनींची साधी व्यंजने आहेत व ती रोजच्या शब्दांत येतात. मराठीत मात्र एकाही शब्दात असे व्यंजन नाही; तरीही मराठी बोलणारा माणूस ते ध्वनी बिनचूक काढतो, आणि बहुतेक वेळा ते जनावरासाठीच काढतो. वर्णमालेच्या वेशीबाहेर राहिलेल्या ध्वनींना भाषेने जणू गोठ्यात जागा दिली आहे.

प्रश्न: ‘हाक मारणे’ आणि ‘गाडी हाकणे’ यांतील ‘हाक’ एकच आहे काय? एकीचा अर्थ जवळ बोलावणे आणि दुसरीचा पुढे घालणे, असा उलट अर्थ कसा झाला?

उत्तर: एकच आहे. प्राकृतात ‘हक्क’ हे क्रियापद ओरडून हाकारणे, हाकणे या अर्थांनी आढळते, आणि संस्कृत कोशांत ‘हक्क’ हा शब्द हत्तीला घातलेली हाक या अर्थाने नोंदलेला आहे. म्हणजे या शब्दाच्या मुळाशी बोलावणेही नाही आणि ढकलणेही नाही. जनावराला उद्देशून काढलेला मोठा आवाज, एवढेच आहे. त्या आवाजाने जनावर जवळ आले तर ती हाक झाली, पुढे चालू लागले तर ते हाकणे झाले, आणि पळून गेले तर हाकलणे झाले. ‘हाकारणे’, ‘हाकारा’, ‘हाकाटी’ ही सगळी त्याच घरची माणसे. आपण कारभार हाकतो, संसाराचा गाडा हाकतो, अगदी गप्पाही हाकतो, आणि त्या प्रत्येक वेळी जनावरामागे चालणाऱ्या कोणा एकाचा आवाज नकळत उसना घेतो.

असे घडणे केवळ मराठीपुरते नाही. स्पॅनिश भाषेत खेचरांना चालते करण्याचा शब्द ‘अर्रे’ असा आहे. त्यावरून ‘हाकणे’ या अर्थाचे ‘अर्रेआर’ हे क्रियापद तयार झाले आणि खेचरांचा तांडा हाकणाऱ्या माणसाला ‘अर्रिएरो’ असे नाव पडले.

मराठीत या मार्गाने आलेल्या क्रियापदांची संख्या थक्क करणारी आहे. ‘कार’ म्हणजे करणे, उच्चारणे. ‘हुं’ असा आवाज करणे तो हुंकार, आणि ‘धिक्’ म्हणणे तो धिक्कार. याच धर्तीवर ‘चुच्’ असा आवाज करणे म्हणजे चुचकारणे आणि ‘धुत्’ म्हणणे म्हणजे धुत्कारणे. यांपैकी ‘चुचकारणे’ आम्हांला विशेष प्रिय आहे, कारण ज्या ओढलेल्या ध्वनीला लिपीत अक्षर नाही त्याला या शब्दाने आपल्या पोटात सांभाळून ठेवले आहे. बिथरलेल्या बैलाच्या मानेवर हात फिरवत ओठांनी तो आवाज ज्याने काढला आहे, त्याला या क्रियापदाचा अर्थ कोशात पाहावा लागत नाही. ‘हाडहूड करणे’ आणि ‘शुकशुक करणे’ यांची गोष्ट वेगळी सांगायला नको. तिथे हाक उघड दिसते. ‘हुसकावणे’ हा शब्द सावकाश उच्चारून पाहावा, म्हणजे त्यातही पाखरांवर टाकलेला ‘हुस्’ कानाला लागतो.

प्रश्न: मांजराला बोलावताना आपल्याकडे ‘पिस् पिस्’ करतात, आणि परदेशांतही लोक असाच काहीसा आवाज काढताना मी ऐकले आहेत. ज्या लोकांचा एकमेकांशी काही संबंध नाही, त्यांच्या हाकांत असे साम्य का असते? हा योगायोग आहे, शब्दांची उसनवारी आहे, की आणखी काही?

उत्तर: काही ठिकाणी उसनवारी आहेच, परंतु साम्याचा मोठा भाग जनावरांच्या कानांमुळे आलेला आहे, असे म्हणायला चांगला आधार आहे.

आधी साम्य नेमके कशात आहे ते पाहू. मांजराला रशियन माणूस ‘किस्-किस्’ म्हणतो, तुर्की माणूस ‘पिसी-पिसी’ म्हणतो, इंग्रज ‘पुस्-पुस्’ म्हणतो. कोंबड्यांना रशियन ‘त्सिप्-त्सिप्’, जर्मन ‘पुट्-पुट्-पुट्’, तुर्की ‘बिली-बिली’ आणि स्पॅनिश ‘पितास्-पितास्’ अशा हाका आहेत. अक्षरे सारखी नाहीत, पण बांधणी सारखी आहे: एक-दोन अक्षरांचा आखूड तुकडा, पटपट केलेली पुनरावृत्ती, आणि आरंभी बहुधा क, प, ट, ब यांसारखे, हवा अडवून सोडलेले व्यंजन. याउलट घोड्याला थांबवण्यासाठी इंग्रजीत ‘वोऽ’ असा लांब स्वर लावतात, जर्मनमध्ये ओठ थरथरवून ‘ब्रर्र’ करतात, रशियनमध्ये ‘त्प्रूऽ’ म्हणतात. आपल्याकडेही बैल चालवताना ‘हॅक्’, ‘चल्’ असे तुटक शब्द येतात, आणि थांबवताना ‘होऽऽ’ असा ओढलेला व खाली उतरत जाणारा सूर येतो.

पॅट्रिशिया मॅकॉनेल या अमेरिकी प्राणिवर्तनतज्ज्ञ बाईंनी अनेक भाषा बोलणाऱ्या, कुत्री व घोडे हाताळणाऱ्या लोकांच्या आज्ञा ध्वनिमुद्रित केल्या, तेव्हा त्यांना हाच साचा आढळला: हालचाल हवी असेल तर आखूड व वारंवार केलेले ध्वनी, आणि शांत करायचे किंवा थांबवायचे असेल तर लांब, अखंड ध्वनी. हा केवळ माणसांचा समज आहे की जनावरांवर त्याचा खरोखर परिणाम होतो, हे तपासण्यासाठी त्यांनी कुत्र्यांच्या पिल्लांवर प्रयोग केला. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात असे दिसले की पिल्लांची हालचाल वाढवण्याच्या कामी एका लांब सुरापेक्षा चार छोटे सूर अधिक परिणामकारक ठरले. म्हणजे हाकेचा अर्थ जनावराला शिकवावा लागतो हे खरे असले, तरी काही सूर शिकवायला सोपे असतात, कारण जनावराचे शरीर त्यांना अर्ध्या वाटेवर येऊन भेटते.

दुसरे कारण श्रवणशक्तीचे आहे. माणसाला साधारण २० ते २०,००० हर्ट्झ (हर्ट्झ म्हणजे दर सेकंदाला होणारी कंपने; आकडा जितका मोठा तितका आवाज चढा) या पट्ट्यातील ध्वनी ऐकू येतात. गाईचा पट्टा सुमारे २३ हर्ट्झपासून ३५,००० हर्ट्झपर्यंत जातो आणि तिचा कान ८,००० हर्ट्झच्या आसपास सर्वांत तीक्ष्ण असतो. मांजर ६०,००० हर्ट्झच्याही वरचे ध्वनी ऐकते. ‘स’ या व्यंजनाची बरीचशी ऊर्जा ४,००० हर्ट्झच्या वर असते; त्यामुळे आपल्याला क्षीण वाटणारा ‘पिस् पिस्’ हा आवाज मांजराला मात्र ठळक ऐकू येतो, आणि उंदराच्या चीत्काराकडे किंवा पाचोळ्यातल्या खसखशीकडे वळण्याची सवय असलेले त्याचे कान तिकडे आपोआप फिरतात. कोंबडीचे कान वेगळे. तिला सुमारे ७,२०० हर्ट्झच्या वरचे ऐकू येत नाही. पण तिच्या स्वतःच्या भाषेत खाद्याची हाक असते: दाणा सापडला की कोंबडी पिलांना आखूड, तुटक आवाजांची माळ लावून बोलावते. ‘पुट्-पुट्’ आणि ‘ती-ती-ती’ यांचा ठेका त्या मालेच्या जवळचा आहे, आणि दाणे टाकणाऱ्या माणसाने तो जाणूनबुजून नव्हे, तर पिढ्यान्‌पिढ्या ‘कशाने येतात’ हे बघत बघत उचलला असावा, असे मानणे आम्हांला सयुक्तिक वाटते.

पुनरावृत्तीचे आणखी एक कारण सहसा लक्षात येत नाही. आवाज कोणत्या दिशेने आला हे ओळखण्यात माणूस फार तरबेज आहे. दोन ध्वनिस्थानांत एका अंशाच्या आसपास अंतर असले तरी त्याला फरक कळतो. शेळीला त्यासाठी सुमारे १८ अंशांचे, घोड्याला सुमारे २५ अंशांचे आणि गाईला सुमारे ३० अंशांचे अंतर लागते. एकदाच घातलेली हाक गाईला ऐकू येते, पण ती कुठून आली हे तिला नीट उमगत नाही. ती मान वर करते, कान हलवते आणि उभी राहते. अशा वेळी ‘ऐकून न ऐकल्यासारखे करते’ असा दोष तिला देणे बरोबर नाही. हाक पुन्हा पुन्हा आली की मान फिरवत फिरवत ती दिशा पक्की करते. माणसाला एक हाक पुरते. गाईला मात्र हाकांची मालिका लागते, आणि जगभरच्या गुराख्यांनी ही गोष्ट प्रयोगशाळेवाचून ओळखली होती.

फार दूरच्या जनावरांसाठी मात्र आखूड तुकडे कामाला येत नाहीत. स्वीडनमध्ये उन्हाळी कुरणांवर गुरे सांभाळणाऱ्या स्त्रियांनी ‘कुलनिंग’ नावाची हाक घडवली. ती अतिशय उंच पट्टीत, सूर जवळजवळ न थरथरवता गायली जाते. स्वीडनमधील ध्वनिशास्त्रज्ञांनी तिची मोजणी केली तेव्हा असे दिसले की अंतर वाढत जाते तसा साध्या उंच आवाजापेक्षा हा आवाज कमी विरतो. तीत शब्द असतातही आणि नसतातही. काम सुराचे असते.

प्रश्न: ‘भूभू’, ‘माऊ’, ‘हम्मा’ हे लहान मुलांच्या तोंडचे शब्द याच वर्गात येतात काय?

उत्तर: येत नाहीत. ती जनावराच्या आवाजावरून पडलेली नावे आहेत आणि ती आपण मुलाला उद्देशून वापरतो. हाक ही माणसाने जनावराला उद्देशून काढलेली असते. या दोन वाटा कधी कधी मिळतात एवढे खरे: रुमानियन भाषेत मांजराचे ‘पिसिका’ हे नाव ‘पिस्’ या हाकेवरूनच तयार झाले आहे, आणि आपल्याकडे ‘माऊ’ हे नाव असूनही ती हाक म्हणून चालते.

प्रश्न: आमच्या घरी गाय आईच्या हाकेला लगेच येते. मी तेच शब्द, त्याच वेळी, त्याच जागेवरून उच्चारले तरी ती मान वळवून पाहते आणि पुन्हा चरू लागते. जनावर शब्द ओळखते की माणूस? तसेच, गाईला नावाने हाक मारण्यात भावनेपलीकडे काही अर्थ आहे काय?

उत्तर: आपल्या पत्रातच अर्धे उत्तर आलेले आहे. गाय मान वळवून पाहते, याचा अर्थ शब्द तिला ओळखीचा वाटतो. ती येत नाही, याचा अर्थ त्या शब्दापाठोपाठ आपल्याकडून काही मिळते असा अनुभव तिच्याजवळ नाही. आईच्या हाकेपाठोपाठ वैरण, पाणी, दोहन किंवा वासराची भेट हजारो वेळा आलेली आहे. जनावराच्या दृष्टीने हाक हे एक वचन असते, आणि ते आजवर ज्याने पाळले त्याच्याच आवाजात ते खरे वाटते.

आवाज ओळखण्याची ताकद गाईत नक्की आहे. इंग्लंडमधील नॉटिंगहॅम विद्यापीठाच्या संशोधकांनी गाई व वासरांचे हंबरणे मुद्रित करून तपासले, आणि त्याचे निष्कर्ष २०१५ च्या सुमारास प्रसिद्ध झाले. वासरू जवळ असताना गाय सुमारे ८१ हर्ट्झचा खालचा, तोंड मिटल्यासारखा आवाज काढते; ते दृष्टीआड झाले की तिचा आवाज सुमारे १५३ हर्ट्झपर्यंत चढतो; आणि प्रत्येक गाईच्या आवाजाची ठेवण वेगळी असते. जे जनावर आपसांत एवढ्या बारकाईने आवाज वापरते, त्याला आपला आणि आपल्या आईचा आवाज वेगळा कळावा, यात नवल नाही. दुसरी नोंद घेण्यासारखी गोष्ट म्हणजे या आवाजांतील चढउतार. जवळच्यासाठी खालचा आणि दुरावलेल्यासाठी चढा, हीच विभागणी आपणही गोठ्यात पुटपुटताना आणि बांधावरून ओरडताना करत असतो.

नावाविषयी दोन गोष्टी सांगता येतात. इंग्लंडमधील न्यूकॅसल विद्यापीठाच्या दोन संशोधकांनी ब्रिटनमधील ५१६ दुग्धव्यावसायिकांची पाहणी करून २००९ मध्ये असे नोंदवले की, ज्या गोठ्यांत गाईंना नावाने हाक मारली जाते तिथे दर गाईमागे वर्षाला सरासरी २५८ लिटर दूध अधिक मिळते. या आकड्याचा मोह पडतो, परंतु तो जपून वापरावा. नावाने दूध वाढते असे त्यातून सिद्ध होत नाही. नाव ठेवणारा माणूस बहुधा जनावराजवळ जास्त वेळ थांबतो, त्याच्याशी मऊ बोलतो, त्याचे दुखणे लवकर ओळखतो. दूध या सगळ्याचे असते. दुसरी गोष्ट डुकरांची. जर्मनीतील डुमरस्टॉर्फ येथील पशुजीवशास्त्र संस्थेत प्रत्येक डुकराला स्वतःची वेगळी ध्वनिखूण शिकवण्यात आली आणि आपली खूण वाजली तरच खाद्याच्या यंत्राकडे जायचे, हे ती जनावरे शिकली. कळपातल्या प्रत्येकाला आपली हाक आणि दुसऱ्याची हाक यांतला फरक कळू शकतो, याचा याहून स्वच्छ पुरावा मागण्याचे कारण नाही.

ही शिकवण किती दूरवर जाऊ शकते, याचे एक उदाहरण गोठ्याबाहेरचे असले तरी येथे द्यावेसे वाटते. मोझांबिकमध्ये मध गोळा करणारे याओ लोक ‘ब्रर्र-हम्’ अशी हाक देतात, आणि मधदर्शक नावाचा रानपक्षी ती ऐकून त्यांना पोळ्यापर्यंत नेतो. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की ही हाक दिल्यावर पक्षी वाट दाखवण्याची शक्यता सुमारे ३३ टक्क्यांवरून ६६ टक्क्यांवर गेली. टांझानियातील हाद्झा लोक याच पक्ष्याला हाकेऐवजी सुरेल शीळ घालून बोलावतात. २०२३ मध्ये संशोधकांनी दोन्ही ठिकाणी दोन्ही हाका वाजवून पाहिल्या, तेव्हा प्रत्येक प्रदेशातले पक्षी आपल्या प्रदेशातल्या हाकेला अधिक प्रतिसाद देतात असे आढळले. तो पक्षी कोणी पाळलेला नाही, त्याला कोणी दाणे घालून शिकवलेले नाही. तरीही माणसाची बोली प्रदेशानुसार बदलते हे त्याला कळते.

आपण विचारले नाही, पण आपल्या गाईसाठी उपाय असा: काही दिवस आईने हाक द्यावी आणि वैरण आपण घालावी, मग हाक आपण द्यावी आणि वैरणही आपणच घालावी. सूर आईचाच ठेवावा, आणि हाक दिल्यावर रिकाम्या हाताने परत जाऊ नये.

प्रश्न: माझी आजी गुरांना, शेळ्यांना, कोंबड्यांना, मांजराला निरनिराळ्या हाका घालते. त्यांतल्या काही मला येत नाहीत आणि काही लिहूच शकत नाही. या हाका उतरवून ठेवायच्या असतील तर त्या देवनागरीत कशा लिहाव्यात?

उत्तर: या पत्राबद्दल आम्ही आपले मनापासून आभारी आहोत. मोल्सवर्थ यांच्या मराठी-इंग्रजी कोशाने (पहिली आवृत्ती १८३१, दुसरी १८५७) अनुकरणवाचक व बोलीतल्या शब्दांना उदारपणे जागा दिली. त्यानंतरच्या बहुतेक कोशांनी लिखित साहित्यात न सापडणाऱ्या शब्दांकडे तेवढे लक्ष दिले नाही. आणि हाका तर साहित्यात जवळजवळ येतच नाहीत. ज्या घरातून जनावर जाते त्या घरातून त्याची हाक एका पिढीत जाते. म्हणून आपण हे काम हाती घेतले आहे, ते लांबणीवर टाकू नये.

लिहिण्याचा प्रश्न आपल्या परंपरेला नवा नाही, हे पाहून आपल्याला धीर येईल. पाणिनीने ऱ्हस्व, दीर्घ आणि प्लुत असे स्वरांचे तीन काळ सांगितले, तेव्हा उदाहरणादाखल ‘अ’ न घेता ‘ऊ’ घेतला (‘अष्टाध्यायी’ या त्याच्या सूत्रग्रंथात १.२.२७). तो कोंबड्याच्या आरवण्यात एक, दोन आणि तीन मात्रांनी क्रमाने ऐकू येतो म्हणून घेतला, असे परंपरेने सांगतात. प्लुत म्हणजे तीन मात्रांचा स्वर. तो कुठे लावायचा हे सांगताना पाणिनीने स्वतंत्र सूत्रच दिले: ‘दूराद्धूते च’ (८.२.८४). दुरून हाक मारताना वाक्याच्या शेवटच्या स्वराला प्लुत करावे, असा त्याचा अर्थ. तो दाखवण्यासाठी अक्षरापुढे ३ हा अंक लिहितात, जसे ‘देवदत्ता३’. दुरून घातलेली हाक हा व्याकरणाचा विषय आहे हे अडीच हजार वर्षांच्या आसपास आधीच मान्य झाले होते, आणि ती लिहिण्याची खूणही आपल्याकडे होती. तीच खूण आपण वापरावी. ‘हो’ आखूड असेल तर ‘हो’ असे लिहावे, बांधावरून ओढलेला असेल तर ‘हो३’ असे लिहावे. अवग्रह (ऽ) कितीही वेळा लिहिता येतो, पण दोन लिहिणारे तो सारखा लिहीत नाहीत; अंकाने तो गोंधळ टळतो.

तुटक ध्वनीला पायमोडके अक्षर (हॅक्, हुश्) पुरेसे आहे. पुनरावृत्ती ‘-’ या रेघेने दाखवावी आणि ती जितक्या वेळा होते तितक्या वेळा लिहावी, कारण दोनदा म्हटलेली आणि पाचदा म्हटलेली हाक यांत फरक असू शकतो. सूर चढतो की उतरतो हे मात्र अक्षरांतून कळत नाही. तिथे ‘शेवट चढा’, ‘सर्वत्र सपाट’ असे शब्दांतच लिहावे. आणि जे ध्वनी लिहिता येतच नाहीत, त्यांना जवळच्या अक्षराचे सोंग देऊ नये. ‘च् च्’ असे लिहिले की वाचणारा साधा ‘च’ म्हणतो आणि मूळ आवाज हरवतो. त्याऐवजी ‘जिभेचे टोक वरच्या दातांमागे टेकवून हवा आत ओढत सोडणे, तीनदा’ किंवा ‘ओठ सैल मिटून फुर्र असे थरथरवणे’ असे कृतीचे वर्णन करावे. वर्णन वाचून दुसऱ्या माणसाला तो आवाज काढता आला, तर नोंद बरोबर झाली असे समजावे. घरातल्याच कोणावर ही परीक्षा करून पाहता येईल.

हाकेबरोबर प्रसंग लिहायला विसरू नये, किंबहुना आमच्या मते नोंदीचा तोच गाभा आहे. ही हाक कोणत्या जनावराला, पिलाला की मोठ्याला, जवळून की दुरून, दिवसाच्या कोणत्या वेळी, आणि ती ऐकून जनावराने काय करावे अशी अपेक्षा असते, हे आजीला विचारावे. तिला बसवून ‘शेळीची हाक सांग’ म्हटले तर बहुधा ती अडखळेल किंवा हसेल, कारण समोर शेळी नसताना ती हाक तिच्या तोंडून पूर्वी कधी निघालेलीच नसते. तिच्याबरोबर सकाळ-संध्याकाळ गोठ्यात उभे राहावे, मोबाइलवर ध्वनिमुद्रण चालू ठेवावे आणि प्रत्येक मुद्रणाच्या आरंभी तारीख व जनावर स्वतःच्या आवाजात सांगून ठेवावे. मुद्रण आहे म्हणून लिहिण्याचा कंटाळा करू नये आणि लिहिले आहे म्हणून मुद्रण पुसू नये.

या सदराकडे अशा नोंदी पाठवणाऱ्या वाचकांनी हाक कोणत्या भागातली आणि साधारण कोणत्या वयाच्या व्यक्तीकडून मिळाली एवढेच कळवावे. व्यक्तीचे नाव देण्याची गरज नाही. एकाच हाकेच्या दोन घरांतल्या दोन रूपांपैकी ‘बरोबर’ कोणते, असा प्रश्न काही पत्रांत आला आहे. जिला जनावर ओळखते ती प्रत्येक हाक बरोबर आहे, आणि आपण दोन्ही उतरवून घ्याव्यात.